नव्या पोराला कोणत्या लाइनवर घ्यायचं? आइस हॉकीतला एक अवघड हिशेब

सप्टेंबरच्या मध्यावर एनएचएल या आइस हॉकी लीगमधल्या संघांची सराव शिबिरं सुरू झाली की दरवर्षी तोच वाद पेटतो. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तिथं, वरच्या क्रमांकावर निवडलेला अठरा-एकोणीस वर्षांचा एखादा पोरगा सरावाच्या सामन्यांत दोन-तीन झकास गोल करतो. चाहते म्हणतात, याला लगेच पहिल्या लाइनवर, म्हणजे एकत्र उतरणाऱ्या तिघांच्या पहिल्या तुकडीत घ्या. कोच त्याला चौथ्या लाइनवर टाकतो, नाहीतर खालच्या लीगमध्ये धाडतो, आणि लोक कोचच्या नावानं खडे फोडायला लागतात.

या भांडणात बहुतेक वेळा प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो. ‘हा पोरगा संघातल्या बारा फॉरवर्डमध्ये कितवा?’ असं सगळे विचारतात, जणू लाइन म्हणजे गुणवत्ता यादी आहे. लाइन हे एक काम असतं आणि प्रत्येक लाइनचं काम निराळं असतं. त्यामुळे विचारायचं ते हे, की त्याच्या बाजूला कोण दोघं खेळणार, समोर कोण येणार आणि रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, कोणत्या टोकाला त्याला उतरवणार. ही उत्तरं जुळली तर साधा वाटणारा खेळाडूही फुलतो. नाही जुळली तर ड्राफ्टमधला पहिला क्रमांकसुद्धा वर्षभर चाचपडत राहतो.

आधी थोडी ओळख करून घेऊ. एनएचएल ही अमेरिका आणि कॅनडातली ३२ संघांची व्यावसायिक लीग. सामना २० मिनिटांच्या तीन भागांचा. एका वेळी बर्फावर गोलकीपर आणि पाच स्केटर असतात, त्यातले तीन फॉरवर्ड आणि दोन डिफेन्समन. सामन्यासाठी २० जण तयार होतात आणि त्यांत साधारणपणे १२ फॉरवर्ड असतात. तीन-तीनच्या चार लाइन होतात त्या अशा. मैदानी हॉकी पाहणाऱ्याला सगळ्यात नवल वाटेल ते खेळाडू बदलण्याचं. इथं खेळ चालू असतानाच सगळी लाइन बेंचवर येते आणि दुसरी उडी मारून उतरते. पूर्ण वेगानं स्केटिंग करताना पाय इतक्या लवकर भरून येतात, की एक शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक खेप, पाऊण मिनिटाच्या आसपास संपते.

पहिल्या लाइनचे फॉरवर्ड सामन्यात १८ ते २० मिनिटं खेळतात आणि गोल करणं हे त्यांचं मुख्य काम असतं. दुसरी लाइन बरीचशी तशीच, थोड्या कमी वेळाची. तिसऱ्या लाइनकडे बऱ्याच संघांत समोरच्यांच्या सर्वोत्तम खेळाडूंना रोखण्याची जबाबदारी असते. चौथी लाइन आठ-दहा मिनिटं उतरते, समोरच्यांना बोर्डवर (रिंकभोवतीच्या भिंतीवर) धडका देते, पक (खेळायची रबरी चकती) खोलवर फेकून त्यामागे धावते आणि शिक्षेमुळे संघात एक जण कमी असताना बचाव करते.

आता ज्याचं सगळं कसब अरुंद जागेतून अचूक पास काढण्यात आहे, असा मुलगा चौथ्या लाइनवर टाकून बघा. त्याला मिळणार आठ मिनिटं. बाजूचे दोघं पक मिळाला की पुढं फेकणारे. त्याचा पास घ्यायला कुणी योग्य जागी पोचलेलंच नसतं. दहा मिनिटं बेंचवर बसून पाय गार झाल्यावर चाळीस सेकंदांसाठी उतरायचं आणि एक चूक झाली की पुन्हा बसायचं. यातून तो शिकतो ते एवढंच, की चूक करायची नाही. म्हणजे धोका पत्करायचा नाही. आणि धोका पत्करायची हिंमत हीच तर त्याला निवडण्याचं कारण होती. १९९७ च्या ड्राफ्टमध्ये पहिला आलेला जो थॉर्नटन बॉस्टन ब्रुइन्सकडून पहिल्या हंगामात ५५ सामने खेळला. त्याला फारच थोडी मिनिटं मिळाली आणि हंगामाअखेर त्याच्या नावावर ३ गोल आणि ४ असिस्ट (गोलला मदत करणारे पास) होते, सगळे मिळून ७ गुण. पुढं हाच थॉर्नटन १,७०० हून जास्त सामने खेळला, दीड हजाराच्या वर गुण मिळवले आणि २००५-०६ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या पहिल्या वर्षाच्या आकड्यांवरून त्याच्याविषयी काय कळलं असतं? काहीच नाही. त्याला कोणतं काम दिलं होतं, तेवढं मात्र कळतं.

मग लगेच पहिल्या लाइनवर घ्यावं का? दुबळ्या संघांना ते करावंच लागतं. शिकागोनं २०२३ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर कॉनर बेडार्डला घेतलं, आणि त्याच उन्हाळ्यात टेलर हॉल आणि निक फोलिनो हे दोन अनुभवी फॉरवर्ड आणून ठेवले. अठरा वर्षांच्या सेंटरच्या (लाइनच्या मध्ये खेळणाऱ्या फॉरवर्डच्या) बाजूला जाणते खेळाडू असावेत, हा त्यातला विचार. हॉल मात्र गुडघ्याच्या दुखापतीमुळे दहाच सामने खेळू शकला. बेडार्डनं जबडा मोडून मध्ये काही आठवडे बाहेर बसल्यावरही ६८ सामन्यांत ६१ गुण मिळवले आणि नवोदितांची कॅल्डर ट्रॉफी जिंकली. पण त्याच हंगामात त्याचा प्लस-मायनस उणे ४४ होता. म्हणजे, पॉवर प्लेचे (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचे) गोल सोडले, तर तो बर्फावर असताना संघानं जितके गोल केले त्यापेक्षा ४४ जास्त खाल्ले. संघ कमकुवत होता, हे त्यामागचं मोठं कारण. तरी कोवळ्या सेंटरला समोरच्यांच्या पहिल्या लाइनपुढं रोज उभं केलं की काय किंमत मोजावी लागते, ते या आकड्यात दिसतं.

सेंटर की विंगर (कडेचा फॉरवर्ड), हा म्हणूनच पहिला मोठा निर्णय. टीव्हीवर तिघंही सारखेच धावताना दिसतात, पण आपल्या गोलजवळ बचाव करताना दोघांच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. विंगरला प्रामुख्यानं आपल्या झोनची, म्हणजे रिंकच्या आपल्या भागाची, सीमा असलेल्या निळ्या रेषेजवळ उभ्या असलेल्या समोरच्या डिफेन्समनकडे बघायचं असतं. सेंटरला मात्र गोलच्या पुढ्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळीकडे दोन्ही डिफेन्समनच्या मदतीला जायचं असतं, मोकळा सुटलेला माणूस हेरायचा असतो आणि पक मिळाल्यावर हल्ल्याची सुरुवातही त्यालाच करायची असते. शिवाय फेसऑफ, म्हणजे पंचानं टाकलेल्या पकसाठी दोघांची झुंज. तिथं समोर तीस-बत्तीस वर्षांचा, मनगटात ताकद असलेला आणि शंभर युक्त्या माहीत असलेला माणूस असतो. म्हणून अनेक कोच तरुण सेंटरला सुरुवातीला विंगवर ठेवतात आणि माझ्या मते हे बहुतेक वेळा योग्यच असतं.

विंगवरचं काम सोपं असतं असा मात्र याचा अर्थ नाही. एकच प्रसंग जवळून पाहू, कारण नव्या विंगरची परीक्षा इथंच होते. आपल्या झोनमध्ये आपला डिफेन्समन गोलच्या मागून पक बोर्डच्या कडेकडेनं वळवून पाठवतो. विंगर बोर्डला खेटून उभा आहे आणि त्याचं तोंड पक येतोय त्या बाजूला, म्हणजे स्वतःच्या गोलकडे आहे. पाठीमागून समोरच्यांचा डिफेन्समन निळी रेषा सोडून धडक द्यायला झेपावतोय. विंगरच्या हाताशी जेमतेम एक-दीड सेकंद. पक येण्याआधीच त्यानं खांद्यावरून मागं पाहिलेलं असायला हवं. पक स्टिकनं थोपवायचा की स्केटनं, सेंटरला हळूच सरकवायचा की बोर्डवरून बाहेर उडवायचा, की शरीर आडवं घालून तिथंच दाबून धरायचा, हे ठरवून झालेलं असायला हवं. इथं पक निसटला तर तो थेट आपल्या गोलसमोर जातो. ज्युनियर लीगमध्ये हाच मुलगा समोरच्याला चकवून निघून जात होता. इथं मागून येणारा माणूस त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, दहा-पंधरा किलोंनी जड आणि तितकाच चपळ असतो. सामन्यानंतर कोच व्हिडिओत गोल कमी आणि असे प्रसंग जास्त बघतात.

विंगवर टाकल्यावर डावी की उजवी, हाही प्रश्न असतो. डावखुरी स्टिक धरणारा डाव्या विंगवर असला तर बोर्डजवळचा पक त्याला सरळ हातानं घेता येतो, वर सांगितलेलं काम सोपं होतं. तोच उजव्या विंगवर गेला तर बोर्डवरचा पक उलट्या हातानं घ्यावा लागतो. त्या बदल्यात हल्ल्याच्या वेळी त्याची स्टिक रिंकच्या मधल्या बाजूला येते, त्यामुळे शॉटला कोन चांगला मिळतो आणि आलेला पास न थांबवता मारता येतो.

हे सगळं एकाच खेळाडूच्या गोष्टीत पाहायचं तर अलेक्सी लाफ्रेनिएरसारखं उदाहरण नाही. २०२० च्या ड्राफ्टमध्ये तो पहिल्या क्रमांकावर न्यू यॉर्क रेंजर्सकडे गेला. पहिला क्रमांक सहसा तळाच्या संघाला मिळतो, जिथं जागाच जागा असते. रेंजर्सचं नशीब असं, की ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत पहिला क्रमांक लागला तेव्हा त्यांचा संघ बरा होता. लाफ्रेनिएर डावा विंगर, आणि डाव्या विंगवर आधीच अर्टेमी पॅनारिन आणि ख्रिस क्रायडर. या दोघांना बाजूला सारायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पॉवर प्लेचं पहिलं युनिटही भरलेलं. कोविडमुळे तो हंगाम जानेवारीत सुरू झाला, ५६ सामन्यांचाच झाला आणि त्याआधी सरावाचे सामनेही झाले नाहीत. लाफ्रेनिएरनं ५६ सामन्यांत १२ गोल आणि ९ असिस्ट मिळवले. ‘पहिल्या क्रमांकाचा पोरगा फुकट गेला’ ही ओरड तेव्हापासूनची.

पुढची दोन वर्षं तो बराच काळ तिसऱ्या लाइनवर राहिला. २०२२ च्या प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) तो, फिलिप हिटिल आणि कापो काको या तीन तरुणांची लाइन इतकी रंगली, की तिला ‘किड लाइन’ म्हणायला लागले. रेंजर्स त्या वर्षी कॉन्फरन्स फायनलपर्यंत, म्हणजे लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत गेले. तरी मोठ्या मिनिटांची जागा डाव्या बाजूला काही होईना. २०२३ मध्ये पीटर लाव्हियोलेट नवे कोच म्हणून आले आणि त्यांनी लाफ्रेनिएरला उजव्या विंगवर, पॅनारिनच्याच लाइनवर नेलं. सुरुवातीला मध्ये हिटिल होता, तो जखमी झाल्यावर व्हिन्सेंट ट्रोचेक आला. त्या हंगामात लाफ्रेनिएरनं ८२ सामन्यांत २८ गोल आणि ५७ गुण मिळवले. त्यातले बहुतेक गोल पाच विरुद्ध पाच खेळतानाचे होते, कारण पॉवर प्लेवर त्याला तेव्हाही दुय्यमच जागा होती.

ही लाइन का जमली, ते बघण्यासारखं आहे. पॅनारिनला पक स्वतःकडे ठेवून खेळायला आवडतं. तो वेग कमी करतो, बचावपटूंना स्वतःकडे ओढतो आणि शेवटच्या क्षणी पास देतो. ट्रोचेक फेसऑफ जिंकतो, पक गेला तर झटून परत आणतो आणि मागं धावत येऊन बचावाचं ओझं उचलतो. राहिलं काय? पॅनारिननं उघडलेल्या जागेत शिरणं, बोर्डवरची झटापट जिंकणं आणि शॉट मारणं. लाफ्रेनिएरला हेच येत होतं. पक घेऊन चालणारा, पक परत मिळवणारा आणि गोल करणारा असे तिघं एकत्र आले, तर नव्या खेळाडूला सगळं एकट्यानं करून दाखवावं लागत नाही. दोघं पक धरून ठेवणारे असतील तर तिसरा नुसता फिरत राहतो. अनेक कोच म्हणूनच तिघांचा विचार न करता जोडीचा विचार करतात. एक पक्की जोडी आणि तिसरी जागा बदलती. नव्या पोरासाठी ती तिसरी जागा सगळ्यात चांगली.

आता समोर कोण येणार, हा मुद्दा. घरच्या संघाला खेळ थांबल्यावर शेवटी खेळाडू बदलायचा हक्क असतो. पाहुण्या कोचनं आपले पाच जण उतरवल्यावर घरचा कोच ठरवतो की त्यांच्यापुढं कुणाला पाठवायचं. त्यामुळे घरच्या रिंकवर तरुण लाइनला समोरच्यांच्या तिसऱ्या-चौथ्या लाइनपुढं उतरवता येतं, शिवाय फेसऑफ हल्ल्याच्या झोनमध्ये असेल तेव्हाच पाठवता येतं. याला तिकडे खेळाडूला आडोसा देणं म्हणतात. परक्या रिंकवर हा आडोसा बराचसा जातो. एकच मुलगा घरी चमकतो आणि बाहेर दिसेनासा होतो, त्याचं एक कारण हे.

आडोसा कितीही दिला तरी दोन जागी तो तुटतो. एक म्हणजे आयसिंग. मधल्या रेषेच्या अलीकडून फेकलेला पक कुणालाही न लागता थेट समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे गेला, तर फेसऑफ फेकणाऱ्याच्या झोनमध्ये होतो, आणि २००५-०६ पासून त्या संघाला खेळाडू बदलता येत नाहीत. दमलेला पोरगा तिथंच अडकतो आणि समोरून ताजी पहिली लाइन उतरते. दुसरी जागा म्हणजे सामन्याचा दुसरा भाग. तेव्हा टोकं बदलतात आणि आपला बेंच आपल्या गोलपासून दूर पडतो. झोनमध्ये अडकलेल्या लाइनला बेंच गाठायला जास्त अंतर जावं लागतं, ४० सेकंदांची शिफ्ट दीड मिनिटाची होते. अनुभवी खेळाडू अशा वेळी पक मधल्या रेषेपर्यंत आणून खोल टाकतो आणि बदलायला जातो. नवा खेळाडू अजून एक चाल करून पाहण्याच्या मोहात पडतो.

पॉवर प्लेचं गणित त्यामानानं सरळ आहे. समोरच्या संघाला दोन मिनिटांची शिक्षा झाली की पाच विरुद्ध चार खेळता येतं. पहिलं युनिट त्यातला मोठा वाटा खातं. कसबी तरुणाला तिथं जागा देणं हा मला सगळ्यात कमी धोक्याचा मार्ग वाटतो. बचावाचं ओझं नसतं, जागा मोकळी असते, पकवर हात बसतो. पाच विरुद्ध पाचमध्ये तिसऱ्या लाइनवर आणि पॉवर प्लेवर दुसऱ्या युनिटमध्ये, अशी विभागणी कितीतरी संघ करतात ती यासाठीच.

हिशेबात करार आणि नियमही येतात, आणि बाहेरून न समजणारे निर्णय पुष्कळदा इथले असतात. अठरा ते एकवीस वयात सही करणाऱ्याचा पहिला करार तीन वर्षांचा असतो. खेळाडू १८ किंवा १९ वर्षांचा असेल आणि त्या हंगामात दहापेक्षा कमी एनएचएल सामने खेळला, तर ते वर्ष करारात धरलं जात नाही. म्हणून ऑक्टोबरमध्ये ‘नऊ सामने झाले, आता काय?’ ही चर्चा होते. दहावा सामना खेळवला की स्वस्त करारातलं एक वर्ष संपायला लागतं. दुसरी गोष्ट वेव्हर्सची. अनुभवी खेळाडूला एएचएल या खालच्या लीगमध्ये पाठवायचं तर आधी त्याला बाकीच्या संघांपुढं ठेवावं लागतं आणि कुणीही त्याला उचलू शकतं. कोवळ्या खेळाडूंना सुरुवातीची काही वर्षं यातून सूट असते. त्यामुळे २३ जणांच्या यादीत गर्दी झाली की चांगला खेळणारा पोरगाच खाली जातो, कारण त्याला पाठवल्यानं संघाचं नुकसान होत नाही. त्याच्यावर अन्याय होतो का? त्या आठवड्यापुरता होतो.

डेट्रॉइट रेड विंग्ज तर बरीच वर्षं मुद्दामच पोरांना ग्रँड रॅपिड्सच्या एएचएल संघात मुरू द्यायचे. गुस्ताव नायक्विस्ट आणि टॉमस टाटार तिथं एकत्र खेळले आणि २०१३ मध्ये त्या संघानं एएचएलचा कॅल्डर कप जिंकला. पुढच्या हंगामाची सुरुवात नायक्विस्टनं पुन्हा खालीच केली, वर जागा नव्हती म्हणून. नोव्हेंबरमध्ये वर बोलावल्यावर त्यानं ५७ सामन्यांत २८ गोल केले. खालच्या लीगमध्ये तो रोज पहिल्या लाइनवर, पॉवर प्लेवर, शेवटच्या मिनिटाला बर्फावर असायचा. आठ मिनिटांच्या चौथ्या लाइनपेक्षा असं मुरणं मला शंभरपट बरं वाटतं, चाहत्यांना कितीही चुटपुट लागली तरी.

लिऑन ड्रायसायटलच्या वेळी तर एएचएलचाही पर्याय नव्हता. कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून आलेल्या त्या वयाच्या खेळाडूला एकतर एनएचएलमध्ये ठेवायचं, नाहीतर ज्युनियरला परत पाठवायचं, असा नियम होता. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये तिसरा आलेला ड्रायसायटल एडमंटनकडून ३७ सामने खेळला. २ गोल, ७ असिस्ट. हंगामाच्या मध्यावर त्याला परत पाठवलं, तो केलोनाकडून खेळला, तिथं संघाला लीगचं विजेतेपद मिळालं आणि मेमोरियल कप या कॅनडाच्या ज्युनियर स्पर्धेत तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. करारातलं एक वर्ष मात्र एडमंटननं घालवलं होतं. २०१९-२० मध्ये ११० गुणांसह तो एनएचएलमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा आणि सर्वोत्तम खेळाडू झाला.

संघ बलाढ्य असला की जागा अचानक उघडते, तीही कुणाच्या तरी दुखापतीनं. २०१० मध्ये दुसऱ्या क्रमांकावर आलेला टायलर सेग्विन मूळचा सेंटर, पण बॉस्टननं त्याला विंगवर ठेवलं आणि सामन्याला साधारण बारा मिनिटं दिली. २०११ च्या प्लेऑफमध्ये पहिल्या दोन फेऱ्या तो बाहेरच बसून होता. पॅट्रिस बर्जेरॉनला डोक्याला मार लागल्यावर टँपा बेविरुद्ध त्याला उतरवलं. पहिल्या सामन्यात एक गोल आणि एक असिस्ट. दुसऱ्या सामन्यात दोन गोल आणि दोन असिस्ट, सगळे मधल्या वीस मिनिटांत. त्या वर्षी बॉस्टननं एनएचएलचा विजेतेपदाचा स्टॅनली कप जिंकला. बर्जेरॉन परतल्यावरही सेग्विन संघात राहिला, मिनिटं मात्र पुन्हा मोजकी.

एखादा नवा खेळाडू खरंच रुजतोय का, हे गोलांच्या आकड्यावरून उशिरा कळतं. मिनिटांच्या वाटणीवरून आधी कळतं. सामन्यानंतर एनएचएलच्या संकेतस्थळावर प्रत्येकाची शिफ्टनिहाय वेळ मिळते. एकूण मिनिटं बघून थांबू नका. शेवटच्या पाच मिनिटांत, संघ एका गोलनं पुढं असताना, त्याच्या किती शिफ्ट झाल्या ते पाहा. परक्या रिंकवरचे सामने वेगळे काढून पाहा. आणि चूक करून गोल खाल्ल्यानंतर कोचनं त्याला पुढच्याच फेरीला उतरवलं की दहा मिनिटं बसवलं, तेही पाहा.